इसार, बयाणा, टोकन आणि ‘कर्ज मंजूर झाल्यावर’

प्रश्न

जुन्या गाडीच्या व्यवहारातल्या एका पावतीवर चर्चा हवी आहे. मजकूर असा : ‘सदर गाडीच्या व्यवहारापोटी टोकन रक्कम मिळाली. उर्वरित रक्कम कर्ज मंजूर झाल्यावर देण्याचे ठरले.’ बँकेचा निर्णय अजून आलेला नाही, आणि घेणाऱ्याला आता ही गाडी नको आहे. विकणारा म्हणतो, ‘सौदा तुम्ही मोडलात, टोकन बुडालं.’ घेणारा म्हणतो, ‘कर्जच मंजूर नाही, तर सौदा झालाच कुठे?’

टोकन म्हणजेच इसार का? आणि मंजुरीआधी मागे फिरण्याला ‘सौदा मोडणं’ म्हणायचं का?

प्रतिसाद

इसार, विसार, बयाणा हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे. सौदा ठरला याची खूण म्हणून आगाऊ दिलेली रक्कम. बयाणा फारसीतून आला. त्यातल्या ‘बय’चा मूळ अर्थ विक्री, बयनाम्यातही, म्हणजे विक्रीच्या दस्तातही, तोच आहे. जुन्या मराठीत ‘संचकार’ हाही शब्द याच अर्थाने होता आणि त्याचं नातं संस्कृतातल्या ‘सत्यंकार’शी सांगतात. दिलेला शब्द खरा करणारी रक्कम, असा तो भाव. माझ्या मते टोकन हे याच घराण्यातलं नवं नाव. बाजारात कोणी फरक करत नाही.

प्रतिसाद

बाजारात करत नाहीत हे खरं, पण करायला हवा. ‘टोकन देऊन ठेवा, गाडी दुसऱ्याला दाखवत नाही’ असं विकणारा म्हणतो तेव्हा ती रक्कम गाडी राखून ठेवण्याची असते. भाव, मुदत, कागदपत्रं यांवर बोलणं बहुधा व्हायचंच असतं. इसार त्याच्या पुढच्या पायरीवर येतो, सगळं ठरल्यावर. म्हणून ‘इसार बुडाला’ हे कानाला बरोबर लागतं. ‘टोकन बुडालं’ म्हणताना आपण इसाराचा नियम टोकनाला लावून मोकळे होतो.

कायद्यातही नावापेक्षा रकमेचं काम पाहतात. श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये इसाराची लक्षणं सांगितली आहेत : करार पक्का होताना दिलेली, तो पाळला जाईल याची हमी असलेली, व्यवहार पार पडला तर किमतीत वळती होणारी आणि घेणाऱ्याच्या कसुरीने व्यवहार फिसकटला तर जप्त होणारी रक्कम. या चारही गोष्टी पावतीत आणि बोलण्यात दिसतात का, ते पाहावं. नुसती आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे इसार नव्हे.

प्रतिसाद

शिवाय इसार म्हटलं की सगळी रक्कम आपोआप गेली, असंही नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 74 : करार मोडल्यास रक्कम ठरलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या 2015 च्या निकालात तर प्राधिकरणाने भूखंड घेणाऱ्याचा इसार जप्त केला आणि तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त किमतीला विकला होता. नुकसान झालेलंच नाही, मग इसार ठेवून कसा घेता, असा न्यायालयाचा रोख होता. गाडी आठवड्यात त्याच भावाला दुसऱ्याला गेली, तर विकणाऱ्यालाही हा प्रश्न विचारता येईल.

प्रतिसाद

सगळे टोकनावर थांबले आहेत. मला पावतीतला खरा कळीचा शब्द दुसऱ्या वाक्यात दिसतो : ‘झाल्यावर’.

‘कर्ज मंजूर झाल्यावर रक्कम देईन’ या वाक्यात कर्ज मंजूर होणार हे धरून चाललेलं आहे. ते फक्त वेळ सांगतं. ‘कर्ज मंजूर झाल्यास रक्कम देईन’ यात कर्ज मंजूर न होण्याची शक्यता दोघांनी मान्य केलेली असते. ते अट घालतं. बोलताना आपण ‘झाल्यावर’, ‘झालं की’, ‘झालं तर’ सरमिसळ वापरतो आणि ऐकणाऱ्याला कळतंही, कारण सूर आणि प्रसंग सोबत असतात. कागदावर सूर उतरत नाही. विकणारा उद्या सरळ म्हणेल, ‘तुमचं कर्ज हा तुमचा प्रश्न. मी फक्त तोवर थांबायचं कबूल केलं होतं.’ या वाक्याचा तसा अर्थ लागू शकतो, आणि मला याचीच खरी काळजी वाटते.

हा फरक कायद्यातही आहे. वस्तू विक्री अधिनियम 1930 च्या कलम 4 मध्ये ‘विक्री’ आणि ‘विक्रीचा करार’ वेगळे धरले आहेत. मालकी पुढे कधीतरी किंवा एखादी अट पुरी झाल्यावर जायची असेल, तर तो अजून विक्रीचा करारच असतो. घर-जमिनीत आपल्याकडे यासाठी साठेखत (विक्रीचा करार) आणि खरेदीखत (प्रत्यक्ष विक्री) असे दोन नेमके शब्द आहेत. गाडीच्या व्यवहारात मात्र पहिल्या दिवसापासून ‘गाडी घेतली’ म्हणायची पद्धत. म्हणून घेणाऱ्याचं ‘सौदा झालाच कुठे’ हे मला पटत नाही. विक्री झालेली नाही, पण करार झालेला असू शकतो.

प्रश्नकर्ती

‘झाल्यास’ लिहिलं असतं, तर घेणारा केव्हाही मागे फिरू शकला असता का?

प्रतिसाद

नाही, ताई. अट कर्जाची आहे, मन बदलण्याची नाही. करार कायद्याच्या कलम 31 आणि 32 मध्ये अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेल्या करारांची तरतूद आहे : घटना घडेपर्यंत करार अमलात आणता येत नाही, आणि ती घडणं अशक्य झालं की करार रद्दबातल होतो. बँकेने नकार दिला तर घेणारा बिनदोष सुटतो. पण त्याने अर्जच मागे घेतला, कागदपत्रं दिली नाहीत, तर त्यानेच घटना घडू दिली नाही असं म्हणता येतं.

इथेच क्रियापदं उपयोगी पडतात. बँकेने नाकारलं तर सौदा ‘बारगळला’ किंवा ‘फिसकटला’. या क्रियापदांना कर्ता लागत नाही, दोष कोणाकडे जात नाही. स्वतःहून नको म्हटलं तर ती ‘माघार’. ‘मोडला’ म्हटलं की मोडणारा आला आणि भरपाईही आली. तुमच्या प्रसंगात बँकेचा निर्णय आलेलाच नाही, म्हणून मी ‘माघार’ म्हणेन. ‘बारगळला’ म्हणणं विकणाऱ्यावर अन्याय होईल, कारण त्याने तेवढे दिवस गाडी अडकवून ठेवली.

प्रतिसाद

‘मंजूर’वरही एक शब्द. बँक आधी ‘तत्त्वतः मंजुरी’ देते, ती पगार आणि जुन्या कर्जफेडीकडे बघून. जुन्या गाडीचं मूल्यांकन बहुतेकदा नंतर होतं आणि तिथे कर्ज कमी होऊ शकतं. मग मंजूर झालं म्हणायचं की नाही? अट लिहिताना किमान किती रक्कम मंजूर व्हायला हवी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन्ही लिहावं.

प्रतिसाद

नमुना देते, सुधारणा सुचवा :

‘ही रक्कम इसार म्हणून दिली आहे. घेणाऱ्यास अमुक तारखेपर्यंत किमान अमुक रकमेचे कर्ज मंजूर न झाल्यास हा करार रद्द होईल व इसाराची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल. घेणाऱ्याने अन्य कारणाने माघार घेतल्यास अमुक रक्कम वजा करून बाकी परत केली जाईल.’

‘मंजूर न झाल्यास’ असं नकारार्थी मुद्दाम लिहिलं आहे. नकार आल्यावर काय करायचं, हे त्यामुळे थेट कागदावर येतं.

प्रतिसाद

चांगलं आहे. फक्त ‘मंजूर न झाल्यास’नंतर ‘बँकेचे नकाराचे पत्र दाखवल्यावर’ हे जोडा. इथे ‘दाखवल्यावर’च हवं, ‘दाखवल्यास’ नको.

प्रश्नकर्ती

आभार. विकणाऱ्याशी बोलताना ‘सौदा झालाच नाही’ हा हेका सोडायला घेणाऱ्याला सांगते. माघार कबूल करून, थांबवून ठेवलेल्या दिवसांचं वाजवी काय ते द्यावं आणि बाकी परत मागावं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर आधीच सह्या झाल्या आहेत, तेही त्याच बैठकीत ज्याचे त्याला परत व्हायला हवेत.