आमदारांच्या हातात कोर्ट द्यायचं? मला तरी नको

शहापूरकर:
काल इथं एकानं लिहिलंय, "मत देऊन आपण आमदार निवडतो, न्यायाधीशाला कुणी निवडलंय? सरकारचा निर्णय कोर्ट अडवतंय ही कसली लोकशाही, नेमणुका सरकारनंच कराव्यात." वाचून डोकंच उठलं. अहो, कुठल्या सरकारनं? आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं बघा की. २०१८ ला गोकाक, अथणी, कागवाड तिन्हीकडं लोकांनी काँग्रेसला मत घातलं, वर्षभरात कुणी राजीनामा दिला, कुणी मतदानालाच गेलं नाही, सरकार पडलं, स्पीकरनं १७ जणांना अपात्र केलं आणि डिसेंबर २०१९ ला हेच तिघं भाजपकडनं उभे. मतदाराला विचारलं कुणी? ह्यांनी न्यायाधीश नेमायचे? १९७३ ला तीन ज्येष्ठांना डावलून आपल्याला हवा तो सरन्यायाधीश केला, १९७७ ला न्या. खन्नांना डावललं, आणीबाणीत पाच न्यायाधीशांत एकट्यानं सरकारच्या विरोधात निकाल लिहिला म्हणून. ते काँग्रेसनं केलं, पण हातात आयतं दिलं तर दुसरे काय सोडणारेत? कुठलाही पक्ष असू दे, मला नको.

अथणीचा मतदार:
अर्धंच सांगितलंय तुम्ही. सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर २०१९ ला अपात्रता कायम ठेवली, पण विधानसभेची मुदत संपेपर्यंत उभं राहायचं नाही ही अट काढून टाकली, म्हणून तर ते उभे राहू शकले. तेव्हा तुमच्या कोर्टानं काय राखलं? निवडून आम्ही दिलं आणि २०२३ ला अथणी, कागवाडमध्ये पाडलं ते पण आम्हीच. आणि कॉलेजियमचं, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या पद्धतीचं काय? संसदेनं नेमणुकीचा आयोग केला, तो २०१५ ला न्यायाधीशांनीच रद्द केला. स्वतःच्या नेमणुकीचा निकाल स्वतःच द्यायचा. आमच्या ग्रामपंचायतीला तरी दर पाच वर्षांनी लोकांपुढं यायला लागतंय.

खानापूरवाला:
कोर्टाचं कौतुक आम्हाला सांगू नका. बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्राला मिळावा हा दावा २००४ ला सुप्रीम कोर्टात गेला. तेव्हाची पोरं आता बाप झाली. माझे आजोबा शेवटपर्यंत पेपर उघडला की आधी दाव्याचीच बातमी शोधायचे, चष्मा कपाळावर, बोट ओळीवर, नसली की पेपर घडी घालून ठेवून द्यायचे. गेले ते. न्याय वेळेत देत नसतील तर स्वतंत्र असून उपयोग काय?

निपाणीकर:
दादा, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे, पण दावा कोर्टात गेलाच कशामुळं? १९५६ पासून राजकारण्यांनी सोडवला नाही म्हणून. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ ला निपाणी, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, बेळगाव कर्नाटकात ठेवलं, महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, कर्नाटक त्यालाच धरून बसलंय. कोर्टात तरी कर्नाटक काय म्हणतंय? राज्यांच्या सीमा बदलायच्या तर घटनेच्या कलम ३ खाली हा विषय संसदेचा, कोर्टाला अधिकारच नाही. मग संसदेत कधी आणला? डिसेंबर २०२२ ला दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं आणि ठरलं काय, तर निकाल लागेपर्यंत कुणी एकमेकांच्या भागावर हक्क सांगायचा नाही. आपलं काम कोर्टाच्या गळ्यात आणि भाषणं एक नोव्हेंबरला.

खानापूरवाला:
ताई, कर्नाटकाची वकिली पुरे. एक नोव्हेंबर, कर्नाटकाचा स्थापनादिन, आम्ही काळा दिन पाळतो, तेव्हा लाठ्या आमच्या पाठीवर पडतात.

निपाणीकर:
वकिली कुणी केली? १ जूनला हिंडलग्याला सीमालढ्याच्या हुतात्म्यांना वंदन करायला मीपण येते. लाठी कोर्टानं उगारली का, तेवढं सांगा. ज्याच्या हुकमावर ती पडते त्यालाच न्यायाधीश नेमू द्या म्हणताय तुम्ही लोक, माझा राग त्यावर आहे.

वडगावचा शेतकरी:
सीमेवर भांडा, पण माझं ऐका. बायपाससाठी आमच्या तिबार पिकाच्या शिवारात पोलीस घेऊन जेसीबी आला, उभ्या भातात. मत मागताना बांधावर बसून आमचाच चहा प्यालेल्या पुढाऱ्यांपैकी एकानं फोन उचलला नाही. वकिलानं स्टेची ऑर्डर आणली, कन्नडमध्ये होती, मला वाचता येत नव्हती, पण साहेबांनी शिक्का बघितला, दोनदा पान उलटलं आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली. पुढं स्टे उठला, परत लागला, अजून हेलपाटे चालूच आहेत, वकिलाची फी देऊन कंबर मोडली. तरी त्या दिवशी सरकारला थांब म्हणणारं दुसरं कोण होतं? तो न्यायाधीश सरकारचाच माणूस असता तर?

अथणीचा मतदार:
काका, स्टेचं मान्य, तुमच्या जागी मीपण कोर्टातच गेलो असतो. पण निवृत्तीनंतर कुणी राज्यसभेत, कुणी राज्यपाल, तेही सरकारच देतंय ना? मग आधीचे निकाल स्वतंत्र होते हे मी कशावरनं मानू?

शहापूरकर:
हे खरं आहे आणि मला तुमच्याइतकंच खुपतं. निवृत्तीनंतर काही वर्षं सरकारी पद घ्यायचं नाही असा कायदा करा, पहिली सही माझी. कॉलेजियमनं एखादं नाव का घेतलं, का गाळलं ते लिहून लोकांपुढं ठेवावं, हेही कबूल. पण दार बंद आहे म्हणून किल्ली आमदाराकडं देणार नाही. आणि खानापूरवाले, उशिराचं म्हणाल तर न्यायाधीशांच्या जागा भरा, ही मागणी आमदार मत मागायला दारात येईल तेव्हा त्याच्यापुढं ठेवा, मीपण ठेवतो.

अथणीचा मतदार:
कायद्याचं पटलं. कॉलेजियम मात्र मला अजून मान्य नाही.