व्हॉल्व्हच्या रेडिओतला डायलचा दिवा वारंवार उडतो

डायलवेडा:
नमस्कार. माझ्याकडे १९४०च्या दशकातला एक छोटा अमेरिकन टेबल रेडिओ आहे. त्यात १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६ आणि ३५झेड५ असे पाच व्हॉल्व्ह आहेत. आत ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे २३०चे ११० व्होल्ट करणाऱ्या बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवर तो लावावा लागतो. गेल्या वर्षी एका कारागिराकडून त्याचे कंडेन्सर बदलून घेतले. तेव्हापासून गुणगुण पार गेली, पण डायलचा ४७ नंबरचा दिवा लावला की थोड्याच दिवसांत उडतो. दिवा नसला तरी रेडिओ व्यवस्थित वाजतो. तेव्हा तो तसाच वापरला किंवा दिव्याच्या जागी एलईडी बसवला, तर चालेल का?

सोल्डरगन:
दिव्याशिवाय हा सेट चालवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ट्रान्सफॉर्मर असलेल्या एसी सेटमध्ये डायलचा दिवा ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर नुसता उजेडासाठी असतो आणि तो गेला तर फार तर रात्री काटा दिसत नाही. तिथे एलईडीलाही माझी हरकत नाही. आपल्या सेटमध्ये मात्र पाचही व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागोमाग एक असे साखळीने जोडलेले असतात आणि त्यांतून ०.१५ अँपिअर करंट वाहतो. यातल्या ३५झेड५च्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या, हीटरला मध्येच एक टॅप (जोडणीचे टोक) काढलेला आहे. २ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या त्या लहानशा तुकड्याला दिवा समांतर जोडलेला असतो, आणि ३५झेड५च्या प्लेटचा पुरवठाही त्याच टॅपवरून घेतलेला असतो. त्यामुळे साऱ्या सेटचा एचटी (उच्च व्होल्टेजच्या डीसी पुरवठ्याचा) करंट दिवा आणि तो तुकडा मिळून वाहून नेतात. दिवा गेला की सगळा भार एकट्या तुकड्यावर पडतो. काही काळ तो निभावून नेईल, पण तुटला की साखळी तुटते, पाचही व्हॉल्व्ह एकदम विझतात आणि ३५झेड५ नवा शोधावा लागतो. एलईडी हा भार उचलत नाही, म्हणून इथे तो बाद.

मीडियमवेव्ह:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र नुसता दिवा बदलत राहण्यानेही प्रश्न सुटणार नाही. दिवा गेल्यावर सेट वाजतो, याचा अर्थ तुकडा अजून शाबूत आहे. तो तुटलेला असता तर नवा दिवा लख्ख पेटून लगेच गेला असता आणि सेट मुका झाला असता.

माझा संशय पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर, म्हणजे ३५झेड५नंतर लगेच येणाऱ्या, गुणगुण गाळणाऱ्या कंडेन्सरवर आहे. गुणगुण घालवायची म्हणून हा कंडेन्सर मोठा बसवण्याची सवय अनेकांना असते. कंडेन्सर जितका मोठा, तितका तो भरताना करंटचा झटका मोठा, आणि तो झटका दिव्यातूनच जातो. ३५झेड५साठी तिथे ४० मायक्रोफॅरडच्या वर जाऊ नये. कंडेन्सर गळका असेल तरीही दिव्यावर असाच ताण येतो.

सेट सुरू करताच दिवा क्षणभर जोरात चमकला तर घाबरू नका, कारण थंड हीटरचा रोध कमी असतो. मग तो मंदावतो आणि आवाज येऊ लागला की पुन्हा थोडा वाढतो. या वेळी तो पांढराफटक होऊन तसाच राहिला, तर एचटीचा करंट जास्त आहे असे समजावे.

एक सूचना कळकळीची. या सेटची चॅसी (आतला धातूचा सांगाडा) बहुधा मेन्सच्या एका वायरला थेट जोडलेली असते, आणि बाजारातले स्वस्त स्टेपडाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असल्याने ते मेन्सपासून अलग करत नाहीत. प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करूनच हात घालावा.

डायलवेडा:
प्लग काढून चॅसी उघडली. पहिला कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचा निघाला, दुसरा ४७चा आहे. ३५झेड५ काढून मीटर लावला, तर २ आणि ३ या पिनांमध्ये जोडणी आहे. पहिल्याच्या जागी ३३ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचाच बसवला तर गुणगुण परत येईल का?

सोल्डरगन:
किंचित येईल, पण कान स्पीकरला लावल्याशिवाय जाणवू नये. दुसरा ४७चा आहे तसाच ठेवा. नवा दिवा ४७ नंबरचाच घ्या. ४४ नंबरचाही ६.३ व्होल्टचा असतो आणि त्याच होल्डरमध्ये बसतो, पण तो ०.२५ अँपिअरचा असल्याने इथे अगदीच मंद पेटेल. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. ४७च्या आतला मणी तपकिरी असतो आणि ४४चा निळा, तेवढे पाहून घ्या.