‘इन्टू द वुड्स’चा उत्तरार्ध इतका काळाकुट्ट का?

प्रश्न :
रॉब मार्शल दिग्दर्शित ‘इन्टू द वुड्स’ (२०१४) या अनेक परीकथा एकत्र गुंफणाऱ्या संगीतपटात पाववाला आणि त्याची बायको चेटकिणीचा शाप उतरवण्यासाठी जंगलात जातात, त्यांना मूल होते, सिंड्रेलाचे लग्न लागते. एवढे झाल्यावर तिथेच न थांबता चित्रपट माणसे का मारत सुटतो? मुलांना तो दाखवावा का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ :
मूळ नाटकाची बांधणीच तशी आहे. स्टीफन सॉन्डहाइम यांचे संगीत आणि जेम्स लॅपाइन यांची संहिता असलेले हे नाटक १९८७ मध्ये ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर) आले; त्यात पूर्वार्धात सर्वांच्या इच्छा पुऱ्या होतात आणि मध्यंतरानंतर त्यांची किंमत मोजावी लागते. जादूच्या वेलावरून आभाळात चढणाऱ्या जॅकने मारलेल्या राक्षसाची बायको सूड घ्यायला खाली उतरते, ती काही उगाच नव्हे. चित्रपटात मध्यंतराचा पडदा पडत नाही, म्हणून हा बदल अंगावर येतो.

उत्तर २ :
माझ्या मते चित्रपट उलट सौम्यच झाला आहे. नाटकात रॅपन्झेल (मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची मुलगी) मरते. इथे ती राजपुत्राबरोबर निघून जाते. जर्मन लोककथा संकलित करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथेत तर सिंड्रेलाचा बूट पायात बसावा म्हणून एक सावत्र बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, आणि शेवटी कबुतरे दोघींचे डोळे फोडतात. (कापाकापी चित्रपटातही आहे, पण कॅमेरा तिथे रेंगाळत नाही.)

उत्तर ३ :
जरा मोठ्या मुलांना अवश्य दाखवावा. मृत्यूंपेक्षा लाल टोपीवाल्या मुलीला भुलवणाऱ्या लांडग्याचे (जॉनी डेप) गाणे लहानांना अधिक अस्वस्थ करील, तेव्हा सोबत बसावे.