अनुभव धागा : उपचार हक्काने मिळाले की ओळखीने?

रानजाई
'आरोग्यसेवा हा हक्क की ऐपत असलेल्यांची सोय' यावर इथे तात्त्विक हाणामारी पुष्कळ झाली. आता अनुभव लिहा. स्वतःचा, घरातला, किंवा काम करताना पाहिलेला. रुग्णालयाचं आणि डॉक्टरांचं नाव नको. गाव आणि साल चालेल.

चर्चेपुरतं एवढंच सांगते. 1992 साली पश्चिम बंगालात हकीम शेख नावाचे शेतमजूर गाडीतून पडले, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी 'खाट नाही', 'सोय नाही' म्हणत त्यांना पुढे पाठवलं, शेवटी खासगीत पैसे मोजून उपचार झाले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली. म्हणजे कागदावर निकाल कधीच लागलाय. मला उत्सुकता आहे ती कॅज्युअल्टीच्या दारात त्या कागदाचं काय होतं याची.

पेठकर (पुणे)
आमचे बाबा रिक्षा चालवायचे. अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले, बायपास सांगितली. रुग्णालय ट्रस्टचं. अशा धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना आहे ती. उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी 1 लाख 80 हजार. बाबा त्यात सहज बसत होते, तहसीलदारांचा दाखलाही होता.

समाजसेवा विभागातल्या बाईंनी कागद बघितलेच नाहीत. 'कोटा फुल आहे.' धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रिकाम्या खाटांचा आकडा असतो. मी मोबाईलवर उघडून दाखवला, त्यात खाटा शिल्लक दिसत होत्या. बाई म्हणाल्या, 'ते अपडेट नसतं.' मागे बिलिंगवाला इस्टिमेटचा कागद घेऊन उभाच होता, डिपॉझिट कधी भरताय म्हणून.

दुपारी आमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाच्या माणसाने फोन केला. संध्याकाळी बाबा ॲडमिट, तेही मोफत. उत्पन्न तेच, दाखला तोच, रेशन कार्ड तेच. वाढला तो फक्त एक फोन. बाबा आता छान आहेत, सकाळी पर्वती चढतात. पण त्या दिवशी माझ्यामागे रांगेत एक बाई उभी होती, हातात तसलाच दाखला. तिचा नगरसेवक कोण होता, देव जाणे.

चिंचोका
मी काही वर्षं आरोग्यमित्र होतो, मराठवाड्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा काऊंटर. शिव्या सगळ्यात जास्त आम्हाला पडतात, त्यामुळे थोडं बोलू द्या.

योजना 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. पिवळं आणि केशरी रेशन कार्ड चालायचं, मर्यादा दीड लाखाची. आता पाच लाख झालेत आणि पांढरं कार्डही चालतं. ऐकायला झकास. प्रत्यक्षात माझा अर्धा दिवस नावं जुळवण्यात जायचा. रेशन कार्डावर 'शेवंता', आधारवर 'शेवंताबाई', त्यावर माहेरचं आडनाव, आणि दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी ऐकू आलं तसं लिहिलेलं तिसरंच काहीतरी. पेशंट स्ट्रेचरवर आणि त्याचा मुलगा झेरॉक्सच्या दुकानात.

इमर्जन्सीत फोनवर मंजुरी घेऊन आधी दाखल करता येतं, कागद मागाहून. हे रुग्णालयाला ठाऊक असतं, नातेवाइकाला नसतं. जो विचारतो त्याला मिळतं. डिस्चार्जनंतर घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही पॅकेजमध्ये धरलेलं आहे. मी स्वतःहून सांगायचो, तर एका मॅनेजरने बाजूला घेऊन विचारलं, 'तू आमचा माणूस का त्यांचा?'

आणि 'योजनेत बसत नाही' हे वाक्य. यादीत ज्या उपचाराचं नाव आहे तेवढाच मोफत. लोकांना वाटतं, कार्ड आहे म्हणजे सगळं आलं.

बाह्यरुग्ण
मी तालुक्याच्या गावी नर्सिंग होम चालवतो. वरचं वाचून राग आला असं नाही, पण दुसरी बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो.

हक्क सगळ्यांचा, मान्य. बिल कोणाच्या नावावर फाडायचं? योजनेतल्या ऑपरेशनच्या दरात भूलतज्ज्ञाची फी आणि नर्सचा पगार बसवून दाखवा. तेही पैसे वेळेवर आले तर. माझे क्लेम इतके रखडले की ऑक्सिजनवाल्याची उधारी थकली. योजना सोडली. आता गावात मी 'पैसेखाऊ'.

राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. इमर्जन्सीत आधी उपचार, पैसे नंतर, रुग्णाने दिले नाहीत तर सरकार देणार. कधी, कसे, याचा पत्ता नाही. तिथले डॉक्टर संपावर गेले, शेवटी तडजोड झाली आणि 50 पेक्षा कमी खाटांची, तसंच सरकारी सवलत न घेतलेली खासगी रुग्णालयं बाहेर ठेवली गेली. इथले काही जण त्यांना स्वार्थी म्हणाले, या धाग्याआधीच्या चर्चेत. मी नाही म्हणणार. जीव वाचवायला नाही म्हणणारा डॉक्टर मी तरी पाहिला नाही, पण सरकारी दवाखान्यातली सर्जनची रिकामी जागा न भरता माझ्या दारावर 'हक्क' लिहून जाणं हा शुद्ध चालूपणा आहे.

पेठकर (पुणे)
डॉक्टरसाहेब, पटलं. पण ट्रस्टच्या रुग्णालयांना कर आणि जमिनीची सवलत मिळालेली असते. तुमची गोष्ट वेगळी, त्यांची वेगळी.

बाह्यरुग्ण
ते वेगळंच आहे, त्यांची वकिली मी करत नाहीये.

तेरेखोल
आम्ही सावंतवाडीकडचे. आमच्याकडे 'मोठ्या दवाखान्यात नेला' म्हणजे गोव्याक नेला, बांबोळीक. कोल्हापूर गाठायचं तर आंबोलीचा घाट, त्यापेक्षा पणजीकडचा रस्ता बरा. पिढ्यानपिढ्या सिंधुदुर्गाचे पेशंट गोवा मेडिकल कॉलेजात जातायत. सोयरीक तिकडे, नोकरी तिकडे, मग दुखणं तरी कुठे जाणार?

जानेवारी 2018 पासून तिथे बिगरगोंयकारांना फी लागली. माझी आई तेव्हा तिथल्याच डॉक्टरांकडे होती. खिडकीवरच्या माणसाने आधार कार्ड उलटसुलट केलं, पत्ता वाचला आणि म्हणाला, 'माई, तुमचें महाराष्ट्र.' आई त्याच्याशी त्याच्याच कोकणीत बोलत होती! दोडामार्गाकडे आंदोलन झालं, दोन्ही सरकारांत बोलणी झाली, महाराष्ट्राची योजना तिथे लागू करायचं ठरलं.

गोंयकारांना दोष देत नाही. त्यांच्या पैशातून चाललेलं कॉलेज, त्यांच्या खाटा भरलेल्या. त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य योजनाही गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्यांनाच. माझी तक्रार ओरोसवर, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयावर, आणि मुंबईवर. जिल्हा 1981 ला झाला. मेंदूचा डॉक्टर मागायला अजून राज्याची हद्द ओलांडायची?

थेम्सकाठी
लंडनजवळ राहते. इथल्या एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, लोक येताजाता शिव्या घालतात आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी बोट ठेवलं तर अंगावर येतात. मुलाचा हात मोडला तेव्हा इमर्जन्सीत रात्र काढली, पहाटे प्लास्टर झालं. त्या रात्रीत पैशाचा शब्द कोणी काढला नाही. 'डिपॉझिट' हा प्रकार मुलाला समजावून सांगावा लागेल.

पण फुकट म्हणू नका. व्हिसाच्या वेळीच मोठ्यांकडून माणशी वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार भरून घेतात, वर पगारातून कर आहेच. आणि नाशिकहून सासरे व्हिजिटर व्हिसावर आले, त्यांना न्यूमोनिया झाला. इमर्जन्सीत तपासलं ते मोफत, वॉर्डात हलवलं त्या क्षणापासून मीटर सुरू. परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी. विमा काढला होता म्हणून निभावलं. हक्क आहे, पण तो इथे राहणाऱ्याचा. माणसाचा नव्हे.

कोब्रा (न्यू जर्सी)
आयडी या अनुभवावरूनच घेतलाय. नोकरी गेली की कंपनीचा विमा जातो. कोब्रा नावाच्या कायद्याखाली तो पुढे चालू ठेवता येतो, फक्त कंपनीचा हिस्साही आपणच भरायचा, वर 2 टक्के. पगार बंद झाल्यावर! बायको गरोदर होती, भरला. इथे 'आरोग्य हा हक्क की प्रिव्हिलेज' यावर निवडणुका लढवतात. आमच्या घरी तो प्रश्न एचआरच्या एका ईमेलने सुटला.

वाघनखी
मी आशा सेविका आहे, गडचिरोलीतल्या भामरागडकडची. लिहायला उशीर झाला, इकडं रेंज नसते.

इकडं पैशाचं नंतर. आधी पर्लकोटा. पावसाळ्यात नदी पुलावर आली की भामरागड तुटतं. 108 ला फोन लागला तरी गाडी अलीकडंच थांबते. मग खाटेला बांबू बांधून माणसं पेशंट आणतात. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला आधीच माहेरघरात आणून ठेवायचं असतं, आरोग्य केंद्राजवळ. जेवण मिळतं, सोबतीलाही कोणी राहू शकतं.

ते समजावणं माझं काम. एक बाई येतच नव्हती. तिसरी खेप, रक्त कमी. मी रोज तेच बोलत होते, दवाखाना फुकट आहे, गाडी फुकट आहे. ती म्हणाली, 'धानाची रोवणी सुरू आहे, मी तिकडं बसून राहिले तर इकडं कोण करणार? कोंबड्या कोण बघणार?' फुकट फुकट काय करता ताई, माझा दिवस फुकट आहे का, असा तिचा सवाल. शेवटी तिची नणंद घरी येऊन राहिली, तेव्हा ती निघाली. मुलगी झाली, दोघी ठीक.

सोनचाफा
मी धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. आता निवृत्त. पेठकर, तुमच्या त्या 'बाई' माझ्यासारख्याच कोणीतरी.

'कोटा फुल' खरं असतं तेव्हाही म्हणतात आणि नसतं तेव्हाही. सकाळी सातपासून फोन सुरू. आमदारांचे पीए, मंत्रालयातला कोणीतरी, ट्रस्टींच्या ड्रायव्हरचा मेहुणा. वरून सांगतात, दोन खाटा हातात ठेव, ऐन वेळी लागतील. त्या दोन कागदावर रिकाम्या असतात, म्हणून तुम्हाला संकेतस्थळावर दिसल्या. या रुग्णांच्या खर्चासाठी निधी असतो, रुग्णालयाच्या एकूण बिलिंगच्या 2 टक्के त्यात जमा करायचे असतात. तो संपला की व्यवस्थापन सांगतं, या महिन्यात आणखी निर्धन नकोत. माझ्या सहीची ताकद तेवढीच.

आता कामाचं. इमर्जन्सीत निर्धन किंवा दुर्बल रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही, योजनेतच तसं आहे. दुर्बल घटकात (3 लाख 60 हजारांपर्यंत) औषधं आणि साहित्य खरेदीच्या किमतीने लावायचं असतं, एमआरपीने नव्हे. बिल हातात आलं की स्टेंट आणि इंजेक्शनची ओळ आधी बघा. आणि नकार तोंडी घेऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख आणि वेळ टाका, आवक शिक्का मागा. शिक्का मागितला की आमच्याकडे लगेच वरच्या मजल्यावर फोन जायचा, 'हा माणूस लेखी मागतोय' म्हणून. मग त्या राखलेल्या दोनातली एक बऱ्याचदा निघायची. तरी नाही निघाली तर त्याच अर्जाची प्रत धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात द्या. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), अशा ठिकाणी त्यांची कार्यालयं आहेत. सोबत रेशन कार्डाची झेरॉक्स जोडा, नाहीतर तिथेही परत पाठवतील.