दीडशे प्रोग्राम पाठ केले आणि 'दुसरी मोठी संख्या'ला अडकले. आता तयारी कशी करू?

शेंगाचटणी:
सगळ्या दादा-ताईंना नमस्कार. मी बार्शीची, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स शेवटचं वर्ष. मराठी माध्यम. मागच्या मंगळवारी पुण्यात एका कंपनीच्या इंटरव्ह्यूचा पहिला राउंड होता. पहाटेची एसटी धरून गेले.

तयारी म्हणाल तर सीनियरने दिलेली दीडशे जावा प्रोग्रामची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग करून. पॅलिंड्रोम (उलटं वाचलं तरी तेच), आर्मस्ट्राँग, प्राइम, फिबोनाची, ताऱ्यांचे पिरॅमिड, सगळं पाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी लिहीन.

सरांनी विचारलं, अ‍ॅरेमधली, म्हणजे ओळीने ठेवलेल्या संख्यांमधली, दुसरी मोठी संख्या काढ. मी सॉर्ट करून, म्हणजे चढत्या क्रमाने लावून, शेवटून दुसरी घेतली. ते म्हणाले, सॉर्ट न करता. झेरॉक्समध्ये ते पान होतं, पण अर्धंच आठवलं. 'मोठी' आणि 'दुसरी' असे दोन व्हेरिएबल, म्हणजे संख्या ठेवायचे डबे, दोन्ही सुरुवातीला शून्य. लूपमध्ये, म्हणजे एकेक संख्या बघत जाणाऱ्या फेरीत, येणारी संख्या 'मोठी'पेक्षा मोठी असली, की जुनी 'मोठी' 'दुसरी'त सरकवायची आणि नवी 'मोठी'त ठेवायची. सरांनी खाली १०, ७, ९ लिहिलं आणि म्हणाले, चालवून दाखव. उत्तर आलं शून्य. ते काहीच बोलले नाहीत, फक्त पेनाला टोपण लावलं.

तीन आठवड्यांनी दुसरा इंटरव्ह्यू आहे. अजून प्रोग्राम पाठ करू का? जावा सोडून पायथन भाषा धरू का? आणि इंग्रजीत समजावून सांगायचं म्हटलं की माझी बोबडी वळते, त्याचं काय करू?

टपरीवरचा:
आर्मस्ट्राँग नंबर मला नऊ वर्षांच्या नोकरीत एकदाही लागलेला नाही. इंटरव्ह्यूत मात्र दोनदा विचारला. १५३ लक्षात ठेव: १ चा घन, ५ चा घन, ३ चा घन, बेरीज १५३. बाकी ताई येतीलच आणि लांबलचक लिहितील.

वहीमागचं_पान:
आले. लांबलचकच लिहिणार आहे, टपरीवाल्यांनी तोवर चहा घ्यावा.

माझी मुलांमुळे सात वर्षांची गॅप होती. अडतिसाव्या वर्षी परत इंटरव्ह्यू द्यायला लागले तेव्हा तुझ्यासारखीच पाठांतराच्या नादी लागले होते. सुटले ती पोराच्या गणिताच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांमुळे. आता मी स्वतः फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसते.

तुझा प्रोग्राम अर्धा बरोबर आहे गं. कागद घे, तीन रकाने आख: आलेली संख्या, मोठी, दुसरी. १० आला: मोठी १०, दुसरी ०. आता ७ आला. तो १० पेक्षा मोठा नाही, म्हणून तू त्याला दारातूनच परत पाठवलंस. पण 'दुसरी'त शून्य बसलंय आणि ७ त्याच्यापेक्षा मोठा आहे, हे विचारलंच नाहीस. ९ चं तेच. म्हणजे आणखी एक अट हवी: 'मोठी'पेक्षा लहान, पण 'दुसरी'पेक्षा मोठी असेल तर 'दुसरी'त टाक. ड्राय रन (कागदावर एकेक पायरी चालवून बघणं) केला असतास तर दुसऱ्याच ओळीत सापडलं असतं.

आता ती अट घालून उणे ५, उणे २, उणे ९ चालव. उत्तर परत शून्य, आणि शून्य तर अ‍ॅरेत नाहीच. म्हणून सुरुवात शून्यापासून नको, इंटमध्ये (जावाचा पूर्णांक ठेवायचा प्रकार) मावणाऱ्या सगळ्यात लहान संख्येपासून कर. मग ३, ५, ८, ८ घे. दुसरी मोठी ८ की ५? तुझा सॉर्टवाला प्रोग्राम ८ सांगेल. हे ठरवायचं काम तुझं नाही, समोरच्याला विचार: "सर, तीच संख्या दोनदा आली तर वेगळी धरायची का?" असं विचारणं म्हणजे बावळटपणा नव्हे. मी स्वतः ही गोष्ट मुद्दाम न सांगता ठेवते आणि कोण विचारतंय ते बघते. दहातला एखादा विचारतो.

सॉर्ट का नको होतं? लाखभर संख्या सॉर्ट करायला ढोबळमानाने सतरा लाख तुलना लागतात. तुझ्या एका फेरीत फार तर दोन-तीन लाख. हे एवढं वाक्य बोलता आलं तरी समोरचा खूश होतो.

दीडशेची झेरॉक्स मिटून ठेव. त्यातले बरेच एकाच घरातले आहेत. दोन शब्द अ‍ॅनाग्राम (तीच अक्षरं, फक्त क्रम वेगळा) आहेत का, न पुन्हा आलेलं पहिलं अक्षर कोणतं, कोणतं अक्षर किती वेळा आलं, या सगळ्यांना इंग्रजी अक्षरांच्या सव्वीस खणांचा एकच अ‍ॅरे पुरतो. अक्षर दिसलं की त्याच्या खणात एक वाढव. असे वीसेक प्रश्न निवड, पण प्रत्येकाला मोडेल असं इनपुट शोधून काढ. रिकामा अ‍ॅरे, एकच संख्या, सगळ्या सारख्या. फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) पाठ आहे ना? मग १३ देऊन बघ. इंट असेल तर १,९३,२०,५३,५०४ येईल. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या वर मावतच नाही. गंमत म्हणजे चुकलेलं उत्तर उणेसुद्धा येत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

जावा येतंय तर जावाच ठेव, तीन आठवड्यांत घोडं बदलू नकोस. इंग्रजीचं म्हणशील तर ड्राय रन आधी मराठीत मोठ्याने बोल, घरचे हसले तर हसू देत. मग तेच 'व्हॅल्यू इकडे जाते, लूप परत फिरतो' अशा खिचडी भाषेत बोल. माझ्या पॅनेलवर चालते, सगळीकडे चालेलच असं नाही. पण गप्प राहू नकोस. गप्प लिहिणारं पोर विचार करतंय की अडकलंय, ते मला समोर बसून कळत नाही.

गोदाकाठ:
ताईंच्या वीसात माझा एक घाला. आमच्या नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेली संख्या, ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, चढते लावा, वजाबाकी करा, उत्तराला परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथेच पोहोचते. अंक सुटे करणं, लावणं, लूप कधी थांबवायचा ते ठरवणं, सगळं एकातच येतं. शेंगाचटणी, तुम्ही झेरॉक्स न बघता लिहा.

शेंगाचटणी:
ताई, रकाने आखून केलं. ७ ला खरंच दारातून हाकललं होतं मी. दुरुस्त केलं, उणे संख्यांनाही चालतंय.

कापरेकरला काल रात्री दोन तास गेले. ३५२४ ला बरोबर तीन फेऱ्या. पण १००० दिली की प्रोग्राम थांबेचना, नुसती शून्यं छापत सुटला. मग वहीवर बसले. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९, आणि माझा प्रोग्राम त्याला तीनच अंकी धरत होता. ९९९ वजा ९९९, शून्य, मग शून्यच. पुढचं शून्य धरून ९९९० वजा ०९९९ केलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पाच फेऱ्या! हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मी शोधलं.

टपरीवरचा:
शाब्बास. आता तुझ्या पाठ पॅलिंड्रोमला 'रामाला भाला मारा' देऊन बघ.

शेंगाचटणी:
दिलं. "पॅलिंड्रोम नाही" म्हणतोय!! उलटं छापून बघितलं तर सुरुवातीलाच नुसता काना लोंबकळतोय. म्हणजे 'रा' हे जावाला एक अक्षर नाही, र वेगळा आणि काना वेगळा. ताई, पॅनेलवर हे पण विचारता का तुम्ही?

वहीमागचं_पान:
आजवर नव्हते विचारत.