विषय: भाच्याची बुटीबोरीची नोकरी, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि कंपनीचं क्वार्टर (तातडीचं)

ताई, न्यू जर्सी:
परवा फोनवर बोललो तेच. भाच्याला 15 जूननंतर येऊ नको म्हणून सांगितलं. माणसं कमी करताहेत, पण एचआरवाले म्हणतात राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो. क्वार्टर महिनाअखेर खाली करायचं. वहिनीचं, म्हणजे त्याच्या आईचं, डायलिसिस ईएसआयच्या रेफरलवर (शिफारसपत्रावर) चालू आहे. कार्ड कधीपर्यंत चालेल? उद्या सकाळी त्याला सांगायचं आहे.

हिंगणघाटचे काका:
बाई, राजीनामा मुळीच लिहून द्यायचा नाही. नोकरकपातीचं पत्र मागायचं. राजीनामा दिला की दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई गेली, आणि ईएसआयचा राजीव गांधी श्रमिक कल्याण भत्ताही गेला. दोन वर्षं वर्गणी भरलेल्या कामगाराची नोकरी कपातीत किंवा कारखाना बंद पडून गेली, तर तो मिळतो, राजीनाम्यावर नाही. भत्त्याच्या काळात कुटुंबाचा इलाजही चालतो.

आता कार्ड. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढल्या जुलै ते डिसेंबर इलाज मिळतो, एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढल्या जानेवारी ते जून. प्रत्येक सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. हिवाळ्यातली सहामाही त्याची पूर्ण आहे, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत घोर नाही. पण 1 एप्रिल ते 15 जून मोजा: 76 दिवस. दोन दिवसांसाठी पुढचे सहा महिने जातात!

मुलुंडचे भाऊ, टोरोंटो:
रविवार त्यातून वजा होतील ना?

हिंगणघाटचे काका:
नाही होत जी. महिन्याच्या पगारात साप्ताहिक सुटीचा पगार धरलेला असतो, ते दिवस मोजतात. बिनपगारी खाडे मात्र वजा. म्हणून ईएसआयच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे एप्रिल-मे महिन्यांचे दिवस किती टाकलेत ते आजच बघायला सांगा. आणि एक महिन्याच्या नोटिशीऐवजी पगार घेऊ नका, नोटिशीचा महिना हजेरीवर काढा. हजेरी न लावता दिलेला नोटीस-पगार ईएसआयच्या वेतनात धरत नाहीत. हजेरी जुलैच्या मध्यापर्यंत गेली की 78 सहज पार होतात.

मुलुंडचे भाऊ, टोरोंटो:
एवढी झटापट कशाला? राज्य सरकारची महात्मा फुले योजना आहेच, 5 लाखांपर्यंत मोफत इलाजाची. मंडळाच्या दिवाळी फंडातून गावच्या ट्रस्टला काही पाठवून देऊ.

खजिनदार:
दिवाळी फंडाचं आधी मला विचारत जा. ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर मंडळाचा एक डॉलरही तिकडे जाणार नाही. नोंदणी असली तरी पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच जातात. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं परकीय योगदान धरत नाहीत. ज्यांनी नागरिकत्व बदललं त्यांचं मात्र धरतात, त्यांनी घाई करू नये.

हिंगणघाटचे काका:
फुले योजना दुसरी फळी म्हणून ठेवा. वहिनींचं नाव रेशनकार्डावर आहे का, ते पहिलं. नाव थोरल्या मुलाच्या कार्डावर असेल तर तेच लागेल, भाच्याचं नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राला गाठून डायलिसिसच्या पाळ्या आधी विचारा. मशीन मोकळं नसलं तर कार्ड असून काय उपयोग?

ताई, न्यू जर्सी:
क्वार्टरचं कोणी बोललंच नाही.

नागपूरच्या मावशी, शिकागो:
नोटिशीचा महिना हजेरीवर निघाला तर तेवढे दिवस क्वार्टर ठेवू द्या, असा लेखी अर्ज आजच द्या. कंपनीने नाही म्हटलं तरी कागद हाती राहतो. खाली करताना वीजमीटरचं रीडिंग आणि भिंती-नळांचे फोटो घ्या, चावी पोचपावतीशिवाय देऊ नका, नाहीतर नो-ड्यूजसाठी (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी) ग्रॅच्युइटी अडकते. गावच्या घरी जाणार असाल तर ईएसआय पोर्टलवर दवाखाना बदलायची घाई करू नका. वहिनींचं चालू रेफरल नागपूरच्या ईएसआय हॉस्पिटलचं असेल, तर मुदत कधी संपते ते पाहून पुढचं हाती आल्यावरच बदला. नाहीतर मध्ये दोन पाळ्या चुकतात, आणि डायलिसिसला चुकलेली पाळी परवडत नाही.

खजिनदार:
घरभाड्याच्या वर्गणीला ज्यांची तयारी आहे त्यांनी मला वेगळा मेल करावा, या धाग्यावर नको.

हिंगणघाटचे काका:
ताई, कपातीचं पत्र आलं की त्यावरची तारीख इथे टाका. 78 दिवसांचा हिशोब परत मांडू.