अनुभव धागा: खुर्ची मिळाली, 'ऑन' कुठं गेला?

तांबडा_रस्सा
इंग्रजीचे पेपर तपासायचे दिवस आले की तीच जुनी दुखणी वर येतात. 'आय वॉन्ट अ चेअर टू सिट.' 'गिव्ह मी अ पेन टू राइट.' मराठीत 'बसायला खुर्ची' म्हटलं की काम झालं. 'बसायला'त 'वर' कुठंच नाही, म्हणून इंग्रजीतला 'ऑन' गळतो.
वर्गात देतो ती युक्ती अशी: नाम उचलून परत क्रियापदाच्या पुढं ठेवा. 'सिट अ चेअर' होतं का? नाही, 'सिट ऑन अ चेअर' होतं. मग नाम आधी आलं तरी तो 'ऑन' आपली जागा सोडत नाही: 'अ चेअर टू सिट ऑन'. उलट 'रीड अ बुक'ला मधे काही लागत नाही, म्हणून 'अ बुक टू रीड' तिथंच संपतं.
कुणाचं कुठं अडतं, लिहा. शिकवणारे, शिकणारे, ऑफिसात बसून मेल पाडणारे, सगळेच.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
'लिहायला' घ्या सर, त्यात सगळा धडा आहे. लिहायला पेन, लिहायला कागद, लिहायला विषय, पत्र लिहायला मैत्रीण. मराठीत चारी ठिकाणी एकच 'लिहायला'. इंग्रजीत पेन 'टू राइट विथ', कागद 'टू राइट ऑन', विषय 'टू राइट अबाउट', मैत्रीण 'टू राइट टू'. शेवटच्यात 'टू' दोनदा येतो म्हणून पोरं एक खोडतात. खोडायचा नाही. पहिला क्रियापदाचा, दुसरा मैत्रिणीचा.

गूळ_आणि_शेंगा
मैत्रिणीला हल्ली पत्र कोण लिहितंय ताई 😄

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
मेसेज तरी करा. 'टू मेसेज'ला मात्र मधे काही लागत नाही, 'मेसेज हर'. सुटलात.

पंचगंगेकाठी
'अ प्लेस टू लिव्ह' बरोबर की 'टू लिव्ह इन'? पोरगी विचारालीय, गॅसवर दूध आहे, लवकर सांगा

तांबडा_रस्सा
दोन्ही चालतं. 'प्लेस', 'टाइम', 'वे' या नामांना सूट आहे. 'हाउस' किंवा 'रूम' आलं की 'इन' हवाच: 'अ रूम टू लिव्ह इन'. दूध बघा आधी.

शिरोली_एमआयडीसी
आमच्या फाऊंड्रीच्या धंद्यात खरा घोळ 'पर्यंत'चा. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा', मराठीत शब्द एकच. इंग्रजीत पाठवायला 'बाय फ्रायडे', थांबायला 'अन्टिल फ्रायडे'. काम एकदाच उरकायचं आणि ती शेवटची मुदत, तर 'बाय'. काम त्या दिवसापर्यंत चालूच राहणार, तर 'अन्टिल' नाहीतर 'टिल'. 'प्लीज अरेंज टू सेंड द कास्टिंग्ज टिल फ्रायडे' लिहिलं तर समोरचा वाचतो की शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहा.
दुसरं, वार कुठं टाकायचा. 'दे प्रॉमिस्ड टू डिस्पॅच ऑन मंडे.' सोमवारी शब्द दिला की सोमवारी माल निघणार? बहुतेक लोक जवळच्या क्रियापदाला वार जोडतात, म्हणजे माल सोमवारी. शब्द सोमवारी दिला असेल तर वार सुरुवातीला घ्या: 'ऑन मंडे दे प्रॉमिस्ड टू डिस्पॅच.' मराठीत 'सोमवारी पाठवतो म्हणाले' आणि 'पाठवतो म्हणाले सोमवारी' यातला फरक आपण बोलण्याच्या हेलात उरकतो. मेलला हेल नसतो.

गूळ_आणि_शेंगा
भावा पार्टी शब्द सोमवारी देते, माल पुढच्या सोमवारी येतो, व्याकरण काय करणार

शिरोली_एमआयडीसी
खरं आहे. तरी भांडायला कागद स्पष्ट हवा.

कॉलेजरोड_कोपरा
मेलमधली दुसरी कायमची चूक 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. हा 'टू' क्रियापदाचा नाहीच. ओळखायचा कसा? पुढं 'इट' (म्हणजे 'ते', खायचं 'ईट' नव्हे) ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' बसतं, 'आय वॉन्ट टू इट' बसत नाही. 'इट' बसलं की पुढं नाम नाहीतर 'इंग'चं रूप: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'प्रायर टू', 'विथ अ व्ह्यू टू' ही सगळी त्याच घरातली.
'यूज्ड टू' दोन्हीकडं आहे, तिथं जपून. 'आय यूज्ड टू गो' म्हणजे जायचो, आता नाही. 'आय अॅम यूज्ड टू गोइंग' म्हणजे जायची सवय आहे. मधला 'अॅम' बघून ठरवा.

पंचगंगेकाठी
दूध गेलंच उतू. पण 'इट'ची युक्ती भारी, पोरीनं वहीत घेतली.

महाद्वार_रोड
दुकानात बाहेरचं गिऱ्हाईक येतं त्यावरून. 'चप्पल टू वॉक' नाही, 'टू वॉक इन'. पायात घालून चालायचं म्हणून 'इन'. चपलेवर चालत नाही आपण. 'फॉर वॉकिंग' म्हटलं तरी चालतं, वस्तू कशासाठी आहे ते सांगताना 'फॉर' आणि 'इंग' बरोबर. माणूस कशासाठी आला ते सांगताना मात्र 'टू'. 'आय केम फॉर बाय' नाही, 'आय केम टू बाय'. 'घेण्यासाठी'तला 'साठी' आपल्याला 'फॉर'कडं ढकलतो.

रंकाळा_चक्कर
दादा नवीन कोल्हापुरी टाचेला लागालीय, काय करू

महाद्वार_रोड
पट्ट्याला आतनं खोबरेल लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. पहिले काही दिवस घरातल्या घरात घाला. पाण्यात घालू नका. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात कातडं ताठतं.

कॉलेजरोड_कोपरा
धागा चपलेवर गेला 😂

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
गळणाऱ्यांचं झालं, आता फुकटात चिकटणाऱ्यांचं. 'टू डिस्कस अबाउट', 'टू रीच टू', 'टू एंटर इन्टू द रूम', 'टू मॅरी विथ'. आपण विषया'बद्दल' चर्चा करतो, घरा'पर्यंत' पोचतो, खोली'त' शिरतो, कुणा'शी' लग्न करतो, ते सगळं उचलून इंग्रजीत जातं. या चारांना मधे काही नको. पण 'डिस्कशन अबाउट' बरोबर, कारण ते नाम. 'रिक्वेस्ट'चंही तसंच. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, 'टू रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक.
आणि 'एक्स्प्लेन मी', 'सजेस्ट मी' बंद करा बाई. 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'टेल मी' चालतं म्हणून हेही चालेल असं वाटतं, चालत नाही.

रंकाळा_चक्कर
आमच्या वेळी शिकवायचे वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं की मार्क गेला. मग 'टू सिट ऑन' कसं काय?

तांबडा_रस्सा
तो नियम इंग्रजीच्या अंगचा नाही. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणात हा दोष काढला, पुढं व्याकरणकारांनी उचलून धरला. अगदी औपचारिक लिहायचं तर 'अ चेअर ऑन विच टू सिट' करता येतं. 'अ चेअर ऑन टू सिट' मात्र कधीच नाही, आधी 'ऑन' घेतला तर 'विच' लागतोच. बोलताना 'ऑन विच' म्हणालात तर लोक वळून बघतील.
गंमत म्हणजे 'टू' स्वतःही मुळात प्रिपोझिशनच. जुन्या इंग्रजीत तो क्रियापदाच्या विभक्ती लागलेल्या रूपाआधी यायचा, साधारण आपल्या 'करायला'मधल्या 'ला'सारखं काम करत.

कॉलेजरोड_कोपरा
उच्चाराचं कुणीच लिहिलं नाही. 'समवन टू टॉक टू' यात पहिला 'टू' जवळजवळ 'ट' एवढाच, पटकन गिळायचा. जोर 'टॉक'वर. शेवटचा 'टू' पूर्ण म्हणायचा, त्याच्यावर जोर द्यायचा नाही. 'लुक अॅट', 'वेट फॉर'चंही तसंच, शेवटी आले की स्वर पूर्ण. आपली पोरं दोन्ही 'टू' तोफेसारखे उडवतात.

पंचगंगेकाठी
'ही मेड मी टू वेट' याला लाल खूण आलीय, का?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
'मेक' आणि 'लेट'नंतर 'टू' येत नाही: 'ही मेड मी वेट'. पॅसिव्ह केलं की परत येतो, 'आय वॉज मेड टू वेट'. 'लेट'चं पॅसिव्ह करत बसू नका, 'अलाउड टू' वापरा. 'हेल्प'ला दोन्ही चालतं.

गूळ_आणि_शेंगा
'नथिंग टू ईट' ला शेवटी काय लावायचं? भूक लागलीय लई

तांबडा_रस्सा
काही नाही. 'ईट मिसळ', मधे काही येत नाही. पाव असेल तर 'समथिंग टू ईट इट विथ'.